लहान ट्रॅक्टर सांभाळताना



कात्रजचा जुना घाट आपल्यापैकी पुष्कळांनी एस.टी.ने ओलांडला असेल. कात्रज गाव आता पुणे शहराच्या पोटात आले आहे. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास ज्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळाने शनिवारवाड्यापर्यंत नेले, त्या तलावाभोवती आता उंच इमारती उभ्या आहेत. पण घाट चढून, बोगदा ओलांडून पलीकडे उतरलात की खेड-शिवापूरपासून थेट भोर-वेल्ह्यापर्यंत भाताची खाचरे लागतात. डोंगराच्या कुशीत बांधलेली, पायरीपायरीची. तिकडे सासवडच्या अंगाला अंजीर आणि सीताफळाच्या बागा. या जमिनीत मोठा ट्रॅक्टर वळत नाही. म्हणून गेल्या काही वर्षांत लहान ट्रॅक्टर आला. वीस अश्वशक्तीच्या आतबाहेरचा, रुंदीला चार फुटांच्या आसपास, दोन झाडांच्या मधून जाणारा आणि खाचरात चिखलणी करणारा. आज मला या लहान ट्रॅक्टरविषयी बोलायचे आहे.

लहान म्हटले की माणूस गाफील राहतो. मोठ्या ट्रॅक्टरजवळ जाताना आपण जरा दबून असतो. हा लहान मात्र दारात खेळण्यासारखा उभा दिसतो. पोरे त्याच्यावर चढतात आणि आपणही कौतुकाने पाहतो. पण त्याचे वजन आठशे किलोच्या आसपास भरते. म्हणजे चांगल्या खिल्लार बैलजोडीइतके झाले. आणि बैलाला डोळे आहेत. समोर पोर पडले तर बैल पाय उचलून उभा राहतो, मालकाने नुसते 'हो ऽ' म्हटले तरी थांबतो. इंजिनाला कान नाहीत आणि डोळेही नाहीत.

परदेशात घराभोवतीचे गवत कापायला एक बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर असतो. आपल्याकडेही मोठ्या बागांत आणि गोल्फच्या मैदानांवर तो दिसतो. त्याच्या पोटाखाली गवत कापायचे पाते गरगर फिरत असते. त्या यंत्रात एक शहाणपणाची सोय केलेली असते. बैठकीखाली एक बटण असते. पाते चालू असताना माणूस बैठकीवरून उठला की ते बटण सुटते आणि यंत्र आपोआप बंद पडते. कारण यंत्र करणाऱ्याला ठाऊक होते की माणूस पाते चालू ठेवून उतरणार, आणि अडकलेले गवत हाताने काढायला जाणार.

आपल्या शेतातल्या बऱ्याचशा ट्रॅक्टरांना ही सोय नसते. तेव्हा बटणाचे काम आपणच करायचे. बैठक सोडायची असेल तर आधी पीटीओ बंद करा. मग मागचे अवजार जमिनीवर टेकवा, गिअर न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा आणि चावी खिशात टाका. मगच पाय खाली ठेवा. याला अर्धे मिनिटही लागत नाही. माझ्या आजच्या बोलण्यातले दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, एवढे मात्र राहू द्या.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एके वर्षी पाण्याचा पंप ट्रॅक्टरला जोडला होता. पंप पाणी धरीना, म्हणून मी वाकून पाहत होतो. खांद्यावर पंचा होता. पीटीओच्या दांड्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण फुटले होते, आणि 'पुढच्या बाजाराला आणू' असे म्हणत मीच दोन महिने काढले होते. पंच्याचे टोक दांड्याला लागले. काय झाले ते मला कळलेसुद्धा नाही. खांद्याला हिसका बसला आणि पंचा गेला. तो जुना, विरलेला होता म्हणून फाटला. नवा असता, किंवा गळ्याभोवती गुंडाळलेला असता, तर आज मी तुमच्याशी बोलत नसतो.

आता यातला हिशेब पाहू. शिक्षक बंधुभगिनींनी तो वर्गात फळ्यावर मांडावा, मुलांना तो आवडेल. पीटीओचा दांडा साधारणपणे मिनिटाला 540 फेरे घेतो. साठने भागा, म्हणजे सेकंदाला 9 फेरे झाले. दांड्याचा घेर एक वीतभर धरा. एका फेऱ्यात एक वीत कापड गुंडाळले जाते, म्हणून सेकंदाला नऊ विती, अर्थात साडेचार हात. नऊवारी लुगडे अठरा हात असते. ते संपायला चार सेकंद पुरतात. 'अगं बाई' म्हणेपर्यंत पदर गेलेला असतो. म्हणून मळणीयंत्र असो, पंप असो की रोटाव्हेटर असो, त्याच्याजवळ जाताना पदर खोचलेला हवा, ओढणी काढून ठेवलेली हवी, धोतराचा सोगा वर बांधलेला हवा आणि केसांचा अंबाडा घातलेला हवा. फिरता दांडा ओलांडून तर कधीच जाऊ नये. चार पावले जास्त चालून वळसा घालावा. मळणीयंत्रावर माणसांचे हात जाऊ लागले, तेव्हा सरकारला 1983 साली धोकादायक यंत्रांविषयी वेगळा कायदाच करावा लागला. पण कायदा खळ्यावर येऊन उभा राहत नाही. फुटलेले आवरण आपल्यालाच बदलावे लागते.

रोटाव्हेटरचेही असेच. पात्यांत गवत आणि दोऱ्या गुंडाळतात. इंजिन चालू ठेवून, अवजार उचलून, खाली वाकून कोयत्याने ते कापणारे लोक मी पाहिले आहेत. लिफ्ट ही तेलाच्या दाबावर उभी असते. दाब गेला, किंवा पोराने दांडी हलवली, की सगळे अवजार पाठीवर येते. खाली हात घालायचाच असेल तर इंजिन बंद करून अवजाराखाली भक्कम लाकडी ओंडका द्या. आणि रोटाव्हेटर फिरता ठेवून ट्रॅक्टर मागे घेऊ नका. चालवणाऱ्याला मागचे धड दिसत नसते.

आणखी एक खोड आहे. बॅटरी उतरली, चावीने सुरू होईना, की गडी खाली उभा राहतो आणि पान्याने स्टार्टरची दोन टोके जोडतो. ट्रॅक्टर सुरू होतो हे खरे. पण तो गिअरमध्ये असला तर सुरू होताक्षणी चालू लागतो. आणि मोठे चाक कुठे असते? पाना धरलेल्या माणसाच्या अगदी शेजारी. पळायला जागाच नसते. चावीचे बटण बिघडले असेल तर ते दुरुस्त करावे. ट्रॅक्टर सुरू करायचा तो बैठकीवर बसूनच.

आता उतारावरच्या जमिनीकडे येऊ, कारण आपल्या डोंगरपट्ट्यात तोच मोठा घोर आहे. वर्गात एक विटेचा प्रयोग करता येतो. एका फळीवर वीट आडवी ठेवा आणि फळी हळूहळू तिरकी करा. वीट पुष्कळ वेळ टिकते, फार तर घसरते. आता तीच वीट उभी करा. थोड्याच तिरकसपणाला ती कोलमडते. वजन तेच, वीट तीच, फक्त भार उंच गेला आणि बूड अरुंद झाले. लहान ट्रॅक्टर झाडांच्या ओळीतून जावा म्हणून त्याचे बूड अरुंद ठेवलेले असते. त्यावर फवारणीची टाकी भरून चढवली की उभी वीट तयार झाली. म्हणून उतारावर अवजार होईल तितके खाली ठेवावे, चाकांतले अंतर वाढवता येत असेल तर वाढवावे, आणि वळताना वेग अगदी कमी करावा. वेग दुप्पट केला की वळणावर बाहेर ओढणारा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. बांधाच्या कडेपासून दूर राहावे. पावसाळ्यात ताल आतून भिजलेली असते. वरून गवत हिरवेगार दिसते आणि चाक गेले की कड ढासळते.

कडेला उलटणे आपल्याला समजते. मागे उलटणे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, आणि ते फार झटकन होते. ट्रॅक्टरची मागची चाके चिखलात रुतून अडली आणि आपण क्लच झटक्याने सोडला, तर चाक फिरायचे सोडून ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरू पाहतो. पुढची चाके वर उठतात. ती उठलेली पाहून क्लच दाबू म्हणावे, तर तेवढा वेळ मिळत नाही. म्हणून रुतलेल्या चाकापुढे ओंडका टाकून जोर लावू नये. जमेल तर मागे घेऊन बाहेर काढावा, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरचे टोचन घ्यावे. झाडाचे खोड ओढायचे असेल तर साखळी नेहमी खालच्या हुकाला बांधावी. वरच्या लिंकला किंवा बैठकीजवळ बांधली की ट्रॅक्टर मागे उलटलाच म्हणून समजा. फार चढ असेल तर उलटा, म्हणजे मागे घेत चढवावा.

स्वीडन देशात 1959 सालापासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती पोलादी चौकट सक्तीची झाली. ट्रॅक्टर उलटला तरी ती चौकट जमिनीला टेकते आणि आत माणसापुरती जागा उरते. तिकडे ट्रॅक्टर उलटून मरणाऱ्यांची संख्या पुढे फार घटली. आपल्याकडच्या बऱ्याच लहान ट्रॅक्टरांना ही चौकट नसते. विकत घेताना ती मिळते का, हे जरूर विचारा. चौकट असेल तर पट्टाही बांधायला हवा, नाहीतर माणूस बाहेर फेकला जाऊन तिच्याच खाली सापडतो. बागेत फांद्या लागतात म्हणून घडीची चौकट पाडली, तर तेवढ्या वेळापुरता पट्टा सोडावा आणि बागेबाहेर येताच चौकट उभी करून तो पुन्हा बांधावा. आणि उन्हासाठी लावलेले पत्र्याचे छत म्हणजे चौकट नव्हे, बरं का. ते कागदासारखे चेपते.

घाटाच्या रस्त्याविषयी थोडेच सांगतो. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेतात वळायला ते बरे, पण रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पायट्या कडीने जोडून घ्या. नाहीतर घाईत एकच दाबला जातो आणि गाडी गर्रकन फिरते. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून डिझेल वाचवू नका. मागची भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा जड असते, ती ढकलत नेते. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर हवा. ऊस वाहताना तो उसाखाली झाकला जातो, तेव्हा वर निराळा बांधावा. रस्त्यावर चालवणाऱ्याला परवाना लागतो आणि त्याचे वय 18 पूर्ण असावे लागते. मडगार्डवर कुणीही बसू नये. त्यांत आपला मुलगा आला आणि पाहुण्यांचाही आला. लाड करायचे दुसरे पुष्कळ मार्ग आहेत.

देखभालीचे म्हणाल तर तेल-पाणी पाहण्यापुरती ती नसते. रोज सकाळी इंजिन थंड असताना ऑईलची पट्टी काढून पाहावी आणि रेडिएटरमधले पाणी पाहावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडणाऱ्याचा चेहरा भाजतो. दोन्ही बाजूंच्या टायरांत हवा सारखी हवी. एका बाजूला कमी असली तर सपाट जमिनीवरही ट्रॅक्टर कललेलाच असतो, मग उतारावर काय होणार? ब्रेकच्या दोन्ही पायट्या सारख्याच दबल्या पाहिजेत. चाकांचे नट आणि ट्रॉलीची पिन हात लावून पाहावी. चिखलणीनंतर चाकांतला, ब्रेकजवळचा चिखल धुऊन काढावा, ग्रीस भरावे. हवेची जाळी धुळीच्या दिवसांत वरचेवर साफ करावी.

डिझेलच्या बारीक नळीतून गळती वाटली तर बोट लावून शोधू नका. तिथे दाब इतका असतो की डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमावण्याची पाळी येते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावा. कुणाला अशी धार लागलीच तर दुखो न दुखो, लगेच दवाखाना गाठावा. बॅटरीजवळ बिडी ओढू नये, तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. वायर काढताना ऋण बाजूची आधी काढावी आणि लावताना तीच शेवटी लावावी.

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, गंध लावतो, झेंडूचा हार घालतो. त्या दिवशी घरातली सगळी माणसे भोवती असतात, तेव्हा बायकांना आणि कळत्या पोरांना चावी कुठे असते आणि इंजिन कसे बंद करायचे ते दाखवून ठेवावे. अडकलेल्या माणसाजवळ कोण असेल हे सांगता येत नाही. पीटीओचे आवरण, पट्टा आणि ब्रेक यांची पाहणीही त्याच सकाळी उरकावी. हार घालायचा तो पुढच्या दिव्यांवर घालावा, पंख्याच्या पट्ट्याजवळ त्याचा दोरा लोंबू देऊ नये. आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सुरू करण्याआधी तो आठवणीने उतरवून ठेवावा.