पंचाचा हात आणि घड्याळ

बास्केटबॉलचा खेळ ४० मिनिटांचा, दहा दहा मिनिटांच्या चार भागांचा. तरीही प्रेक्षक उठतो तो दीड-एक तासाने! याचे कारण असे की, शिट्टी वाजली की घड्याळ थांबते, आणि खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत थांबूनच राहते.

हे घड्याळ पंचाच्या हाती नसते. मैदानाच्या कडेला मेजापाशी बसलेला वेळाधिकारी ते चालवितो, आणि पंच त्याच्याशी बोलतो ते हातांनी. शिट्टी वाजवून उघडा पंजा वर केला म्हणजे ‘थांबव’. मूठ वर केली म्हणजे फाउल झाला, तेव्हाही ‘थांबव’. बाहेरून फेकलेल्या चेंडूला मैदानातील खेळाडूचा स्पर्श होताच पंचाचा वर धरलेला हात खाली येतो, म्हणजे ‘चालू कर’. चेंडू आत फेकण्यास मिळणारे पाच सेकंद मात्र पंच स्वतःच मोजतो, आणि मोजताना हात हलवितो. आपली मोजणी सर्वांना दिसावी, हा त्यातील हेतू.

हा संवाद तुटला तर काय होते, ते १९७२ साली म्यूनिक ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात दिसले. अमेरिका ५०, सोव्हिएत संघ ४९, आणि उरले होते तीन सेकंद. चेंडू आत आला, तोच मेजापाशी ‘टाइम-आउट’वरून गलका उठला. पंचांनी खेळ थांबविला, तेव्हा एक सेकंद शिल्लक होता. आंतरराष्ट्रीय संघटनेचे सचिव विल्यम जोन्स यांनी तीन सेकंद परत देण्यास सांगितले. परंतु घड्याळ नीट लावून होण्यापूर्वीच चेंडू खेळात आला. भोंगा वाजला आणि अमेरिकन खेळाडू आनंदाने नाचू लागले. ते तीन सेकंद पुन्हा खेळविण्यात आले! येदेश्कोने दूरवरून फेकलेला चेंडू बेलोवने झेलून बास्केटमध्ये टाकला. सोव्हिएत संघ ५१–५० असा जिंकला. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदके स्वीकारली नाहीत.

आज मोठ्या स्पर्धांतून पंचाच्या कमरेला एक लहानसे यंत्र असते. त्याची शिट्टी ओळखून ते घड्याळ आपोआप थांबविते. वेळाधिकाऱ्याचे बोट कळेवर पडण्यास जो निमिष लागे, तोही वाचतो. मात्र शिट्टी केव्हा फुंकावयाची, हे यंत्र सांगत नाही. ते पंचानेच ठरवावयाचे असते. पुढच्या वेळी सामना पाहाल, तेव्हा चेंडूवरची नजर क्षणभर काढून त्याच्या हाताकडे अवश्य पाहा.