पाटा वाढवण्याआधी
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



ठराव झाले, आता थोडे गाडीवर बोलू. आपल्या बऱ्याच गावांत कापूस आणि ज्वारी आता बैलगाडीतून नव्हे, तीनचाकीतून बाहेर पडते. पुढे मोटारसायकलचे तोंड, मागे दोन चाकांवर हौदा. वेचणीच्या दिवसांत भाडे खेपेवर ठरते, म्हणून एका खेपेत मावेल तेवढे भरायचे. मागचा भाग बसला की गॅरेजवाल्याला सांगायचे, "एक पाटा वाढव." संध्याकाळपर्यंत गाडी ताठ उभी. ती उभी राहिली म्हणजे तिने वजन पेलले, असे आपण धरून चालतो. आमचे म्हणणे असे की हे दोन वेगळे हिशोब आहेत.

शेतकऱ्याने गाडीत बदल करू नये, असे आम्ही सांगायला आलेलो नाही. सौराष्ट्रात अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ साली बुलेटचे मागचे चाक काढून तिथे दोन चाके आणि अवजाराचा दांडा बसवला. दुष्काळात बैल परवडत नव्हते. मोटारसायकलवर वखर चालवणारी ही अक्कल कोरडवाहू शेतकऱ्याचीच आहे. पण शेतात माणसाच्या चालीने चालणारी गाडी वेगळी, आणि बाजाराच्या रस्त्यावर ४० च्या वेगाने जाणारी, मागे माणसे बसवलेली गाडी वेगळी.

आधी मोजा. सपाट जागी रिकामी गाडी उभी करून एक्सलपासून चासीपर्यंतचे अंतर टेपने घ्या. समजा २४ सेंटिमीटर भरले. आता ५० किलोची चार पोती बरोबर एक्सलवर ठेवून पुन्हा मोजा. १९ भरले, म्हणजे २०० किलोला ५ सेंटिमीटर बसली. सेंटिमीटरमागे ४० किलो. चासीखालचा रबरी ठोकळा रिकाम्या गाडीत १० सेंटिमीटर दूर असेल, तर ४०० किलोला गाडी ठोकळ्यावर टेकली. पण पांदणीत खड्डे आहेत, तेव्हा त्या अंतरातला तिसरा हिस्सा मोकळा राहिलाच पाहिजे. म्हणजे साधारण २६५ किलो.

आता पाटा वाढवा. पाच पाट्यांचे सहा केले, सगळे एका जाडीचे, तर ताकद पाचाला सहा या प्रमाणात वाढते, ४० चे ४८ होतात. त्याच हिशोबाने ३२० किलो. कमान थोडी उंचावते ते सोडून द्या. एवढा खटाटोप करून मिळाले काय, तर एक पोते! गॅरेजात मात्र आपण चार पोत्यांची आशा धरून जातो.

मग कोणी जाड पाटा सुचवतो. इथे सांभाळा. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागी ८ चा घातला, तर तो एकटा पाटा जवळजवळ अडीचपट ताठ होतो, जास्तीचे ओझे स्वतःकडे ओढतो आणि आधी तुटतो. तोही वेचणीतच तुटणार, पेरणीत तुटायला तेव्हा गाडी रिकामी असते म्हणा. म्हणून वाढीव पाटा त्याच जाडीचा, त्याच रुंदीचा, आणि दोन्ही बाजूंना सारखा. भट्टीत लाल करून वाकवलेल्या पाट्याचे पाणी गेलेले असते. पाट्याला वेल्डिंग नको, नवे भोकही नको, तो तिथूनच जातो. थर जाड झाला की यू-बोल्ट लांब लागतात, ते नवे घ्या. पहिली भरलेली खेप झाल्यावर नट पुन्हा आवळा. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण करत नाहीत.

ज्यांच्या गाडीला मागे पाटे नाहीत, शॉकअप आहेत, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की रिंग फिरवल्याने स्प्रिंग ताकदवान होत नाही. गाडी थोडी उंच बसते इतकेच, किलोमागे ती आधीइतकीच दबते. आणि स्प्रिंगचे वेढे कापणाऱ्याच्या दारात गाडी उभी करू नका.

पाटा वाढवला तरी ब्रेकचे ड्रम, टायर, एक्सल, चासी ही सगळी जुनीच असतात. वजन दीडपट केले तर त्याच वेगाला ब्रेकने जिरवायचा जोर दीडपट होतो. ४० च्या वेगाला जो ब्रेक पुरत होता, तो आता ३३ लाच पुरेल. चेनची गाडी असेल तर वजन भरून चेन तपासा, कारण मागचा भाग बसला की तिची ढील बदलते. ती ताणली गेली तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येते. टायरची हवा टायरवर लिहिलेल्या मर्यादेतच.

कापसाचे आणखी एक. मोकळा कापूस वजनाला कमी आणि उंचीला भारी, कडब्याचेही तसेच. पुढे एकच चाक असल्याने वळणावर ब्रेक दाबला की भार पुढच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे जातो, आणि तिथे आधाराला चाकच नाही. त्यात पाट्याने हौदा वर उचललेला. आणि माल एक्सलच्या मागे लोंबला तर पुढचे चाक हलके होऊन हँडल ऐकत नाही. जड पोती खाली, एक्सलच्या किंचित पुढे, आणि वर बसायला कोणी नको. वेचणीच्या मजूर बायांना त्या ढिगावर बसवून नेतात, ते आपण आपल्या गावात बंद केले पाहिजे.

कायद्याचेही ऐका. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरबदल परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. भाड्यात वाचवलेले पैसे एका नाक्यावर जातात. अपघात झाला तर विमा कंपनी आधी तो वाढीव पाटा दाखवते.

जिनिंगच्या काट्यावर आपण भरलेली आणि रिकामी गाडी तशीही तोलतो. पुढच्या खेपेला काटेवाल्याला सांगून फक्त मागची दोन चाके काट्यावर घ्या, तो आकडा वहीत लिहा आणि आरसी बुकातल्या वजनाशी लावून पाहा. पुढच्या बैठकीला येताना ती वही आणा. दोन खेपांचे भाडे गाडीवाल्यांशी काय ठरवायचे, ते त्या आकड्यांवर बसून ठरवू.