आजीला विचारा, शेवटी कोण जेवायचं?

(वस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



आपण बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर. पदवीसोबत आपण आणखी एक गोष्ट शिकलो, घरचं जेवण लपवणं. वसतिगृहात असताना आईनं मला चान्न्या बांधून दिल्या होत्या. खोलीतल्या मुलांनी विचारलं, वास कसला? मी म्हणालो, सुक्या मासळीचा. रात्री ती पुडी बाहेर टाकून आलो. आईला सांगितलं, सगळ्यांना आवडल्या.

आता दर रविवारी मी मुलांसोबत बसतो. घरून आणलेलं मधोमध ठेवून आम्ही वाटून खातो. पहिल्यांदा 'घरच्या जेवणावर लिहा' म्हटलं, तर सगळ्या वह्यांत पुरणपोळी आणि श्रीखंड! मग मी प्रश्न बदलले. पीठ कुठून यायचं? शेवटी कोण जेवायचं? कुणाच्या लग्नात आपली पंगत वेगळी बसायची?

मुलं आजीकडे गेली. एक मुलगी 1972 च्या दुष्काळातली सुकडी आणि मिलो घेऊन आली. तिची आजी लहानपणी दुष्काळी कामावर खडी वाहायची. एका मुलाला आजीनं येसकराची पाळी सांगितली, दारोदार भाकरी मागण्याची. सांगता सांगता तो गप्प झाला. मी म्हटलं, हे थांबवलं कुणी, तेवढं विचारून ये. पुढच्या रविवारी तो ताठ उभा राहिला, ''पणजोबांनी पाळी सोडली. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.''

म्हणून माझं सांगणं एवढंच, की गोष्ट अपमानापाशी थांबवू नका. नकार कुणी दिला, तिथपर्यंत मुलांना न्या. महाडला 20 मार्च 1927 रोजी तळ्याचं पाणी प्यायल्यानंतर आपल्या माणसांवर हल्ला झाला, तेव्हा मंडपात जेवणं चालू होती. हे मुलांना सांगा. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' त्यांच्या हाती द्या.

पण जबरदस्ती नको. ज्याला सांगायचं नाही, त्यानं नुसतं जेवावं. आणि घरच्यांना विचारल्याशिवाय कुणाचीही गोष्ट शाळेत किंवा मोबाइलवर जाता कामा नये. तिथे त्या मुलाला एकट्यालाच तोंड द्यावं लागतं.

त्या पुडीचं मी आईला अजून सांगितलेलं नाही. आधी तिला सांगेन. ती हो म्हणाली, तर मुलांनाही.

जय भीम.