गिटार आणि सुंदरी

नव्या संगीतांत गिटारीची लोकप्रियता ओसरत चालली आहे काय, हा प्रश्न अलीकडे पाश्चात्त्य देशांत आणि आपल्याकडील मोठ्या शहरांतहि वारंवार विचारला जातो. प्रश्न अगदींच निराधार नाहीं. १९६० नंतरचीं दोन-तीन दशकें तरुण पिढीचें संगीत म्हणजे गिटारीचें संगीत, असें समीकरणच होऊन बसलें होतें. आज संगणकावर रचलेले ताल आणि यंत्रानें निर्माण केलेले नाद यांवरच कितीतरी लोकप्रिय गीतें उभीं राहतात. त्यांत गिटार असली तरी ती बहुधा मागच्या रांगेंत बसलेली असते.

२०१८ मध्यें गिब्सन या अमेरिकेंतील नामवंत गिटार-कारखान्यानें दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला, तेव्हां पुष्कळांनीं गिटारीचा मृत्युलेख लिहावयास घेतला. परंतु तें संकट मुख्यतः गिटारी न खपल्यामुळें आलेलें नव्हतें. घरगुती ध्वनियंत्रांच्या व्यापारांत उतरून करून ठेवलेल्या कर्जामुळें तें ओढवलें होतें. पुढें दोनच वर्षांनीं, २०२० मध्यें, महामारीमुळें माणसें घरांत अडकून पडलीं असतां, फेंडर या दुसऱ्या कारखान्याची विक्री त्याच्या इतिहासांतील सर्वांत मोठी ठरली. गिऱ्हाइकांत नवशिक्यांचा भरणा मोठा होता. मृत्युलेख लिहिणाऱ्यांची घाई झाली, हें उघड आहे.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. वाद्याची चलती निराळी आणि वाद्याचें आयुष्य निराळें. चलती वर्षा-दोन वर्षांनीं बदलते. आयुष्य मात्र तीन गोष्टींवर अवलंबून असतें: वाद्य घडविणारे कारागीर, तें शिकणारे विद्यार्थी, आणि तें वाजविण्याचे प्रसंग. या तीन गोष्टी शाबूत असल्या, तर लोकांची मर्जी फिरली तरी वाद्य तग धरतें. या तुटल्या, तर कोणाच्याहि लक्षांत न येतां तें नाहींसें होतें.

खुद्द गिटारीचाच भारतांतील इतिहास पाहावा. हवाई बेटांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी सरकविण्याची रीत निघाली. १९१५ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथें भरलेल्या प्रदर्शनानंतर तिचें वेड अमेरिकाभर पसरलें आणि कांहीं वर्षांनीं तें कलकत्त्यासहि पोंचलें. कांडीमुळें एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अखंड घसरत जातां येतें. म्हणजेच मींड काढतां येते. आपल्या कानांस ही गिटार लवकर रुचली, याचें कारण हेंच. व्हॅन शिप्ले यांनीं तिजवर चित्रपटगीतें वाजविलीं. ब्रिजभूषण काबरा यांनीं तिला रागसंगीताच्या बैठकींत आणून बसविलें. आज घरोघरीं मुलें शिकतात ती उभी धरून बोटांनीं छेडावयाची गिटार. आडवी गिटार घरगुती वापरांतून पुष्कळशी मागें सरली आहे. म्हणजे गिटारीचें एक रूप मावळलें आणि दुसरें उगवलें. ज्या वाद्याला रूप पालटण्याची अशी सवड मिळते, त्याची फारशी चिंता करण्याचें कारण नाहीं.

पेटीची गोष्टहि बोधप्रद आहे. श्रुतींचे सूक्ष्म भेद तिजवर निघत नाहींत आणि मींड तर मुळींच निघत नाहीं, असा आक्षेप घेऊन १९४० मध्यें नभोवाणीनें तिला बंदी केली. ती १९७१ पर्यंत चालू राहिली. तीन दशकें नभोवाणीसारख्या बलाढ्य संस्थेचें दार बंद असूनहि पेटी मेली नाहीं. कीर्तनांत, भजनी मंडळांत, नाटकांत आणि गाण्याच्या शिकवण्यांत तिचें स्थान अढळ होतें. वाद्याला मोठ्या सभेपेक्षां लहान घरांचाच आधार अधिक पक्का असतो, तो असा.

आतां दृष्टि सोलापुराकडे वळवावी. या शहराच्या नांवाशीं चादरी आणि गिरण्या जशा जोडल्या गेल्या आहेत, तसें एक वाद्यहि जोडलें गेलें आहे. परंतु सोलापुरांतीलच किती सुशिक्षित कुटुंबांस तें ठाऊक असेल, याची शंका वाटते. त्याचें नांव सुंदरी. सुंदरी ही सनईच्याच कुळांतील, पण आकारानें तिच्याहून लहान. नळी आंखूड असल्यामुळें तिचा स्वर उंच आणि बारीक लागतो. छिद्रें जवळजवळ असल्यामुळें बोटांस आणि श्वासास काटेकोर शिस्त लावावी लागते. जिभाळीवरील ओठांचा दाब किंचित् चुकला तरी सूर ढळतो. सोलापुराहून सुमारें ४० किलोमीटरवर असलेल्या अक्कलकोट संस्थानच्या दरबारांत तिला हें नांव मिळालें, असें परंपरा सांगते. सोलापूरच्या जाधव घराण्यानें हें वाद्य जोपासलें. सिद्राम जाधव यांच्या ध्वनिमुद्रिकांनीं तें दूरवर ऐकूं गेलें. त्यांच्यामागून चिदानंद जाधव आणि भीमण्णा जाधव यांनीं तो वारसा पुढें चालविला.

वर सांगितलेल्या तीन कसोट्या सुंदरीस लावून पाहिल्या म्हणजे मन अस्वस्थ होतें. गिटार जगांतील हजारों कारखान्यांत घडते. सुंदरी मागणीवांचून कोण घडविणार? गिटारीचे पाठ पुस्तकांत आणि पडद्यावर मिळतात. सुंदरीची विद्या मुख्यतः एकाच कुटुंबाच्या श्वासावर जगत आली आहे. आणि प्रसंग म्हणावे, तर सनईचेच प्रसंग आटत चालले आहेत. मंगलकार्यालयांत आज सनई ऐकूं येते ती बहुतेक यंत्रांतून, आणि वरातीपुढें तर कानठळ्या बसविणाऱ्या ध्वनिवर्धकांचेंच राज्य असतें. जेथें थोरल्या बहिणीची ही दशा, तेथें धाकटीनें कोणाच्या तोंडाकडे पाहावें?

ध्वनिमुद्रण आहे, मग भीति कसली, असें कोणी म्हणेल. मुद्रण आवाज राखून ठेवतें. हात राखून ठेवीत नाहीं. जिभाळी कशी घडवावी आणि ओल्या हवेंत ती कशी सांभाळावी, छिद्र अर्धें झांकून कोमल स्वर कसा काढावा, गालांत हवा साठवून श्वास न तोडतां सूर कसा लांबवावा, या गोष्टी गुरूनें शिष्यासमोर बसून दाखवावयाच्या असतात. त्या एका पिढींत शिकविल्या गेल्या नाहींत, तर पुढच्या पिढीस मुद्रिका ऐकून केवळ नवल करीत बसावें लागेल.

असें असलें तरी निराश होण्याचें कारण नाहीं. संतूर हें एके काळीं काश्मिरांतील सूफियाना संगीतापुरतें मर्यादित असलेलें वाद्य. शिवकुमार शर्मा यांनीं त्यांत फेरफार करून १९५५ मध्यें तें मुंबईच्या श्रोत्यांपुढें मांडलें, तेव्हां रागसंगीतास तें अयोग्य म्हणणारेहि होते. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेंत काबरा यांची गिटार आणि हरिप्रसाद चौरसिया यांची बांसरी यांच्या जोडीनें तेंच संतूर देशोदेशीं पोंचलें. देवळाच्या दारांतील सनईस बिस्मिल्ला खां यांनीं मैफलींत मानाची जागा मिळवून दिली आणि २००१ मध्यें त्यांस भारतरत्न हा सर्वोच्च बहुमान मिळाला. एका कलावंताची तपश्चर्या वाद्याचें दैव पालटूं शकते. मात्र त्या तपश्चर्येस श्रोत्यांची साथ लागते.

ही साथ देणें सुशिक्षित कुटुंबांच्या हातांत आहे आणि तें फारसें खर्चाचेंहि नाहीं. घरच्या लग्नमुंजींत यंत्र न लावतां प्रत्यक्ष वाजविणारा बोलवावा. शाळांनीं वर्षांतून एकदां तरी गांवच्या वादकास मुलांपुढें बसवावें. संगीताच्या वर्गांनीं एखाददुसऱ्या होतकरू विद्यार्थ्यास सुंदरीच्या शिक्षणासाठीं वेतन द्यावें. मुलानें गिटार मागितली तर ती खुशाल घेऊन द्यावी. सुरांचें वेड कोणत्याहि दारानें घरांत आलें तरी तें शुभच. फक्त त्या मुलास एकदां सुंदरीहि ऐकवावी. गिटारीस जपणारे जगभर आहेत. सुंदरीचा भार मात्र सोलापूरकरांनींच उचलावयाचा आहे.