मूल खेळतंय, मग शिकतंय कधी?

(तरुण पालकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी उर्दू प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवते. पण आज शिक्षिका म्हणून बोलण्याआधी आई म्हणून बोलते, कारण चूक मी आई म्हणून केली.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना आम्ही तिला एका 'मॉन्टेसरी' शाळेत घातलं. दोन महिन्यांनी माझ्या सासूबाईंनी तिला विचारलं, आज क्या सीखी? ती म्हणाली, राजमा और चने अलग किए, एका लोट्यातलं पाणी दुसऱ्यात ओतलं. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इतने पैसे देके दाल चुनने भेजते क्या? वो तो मैं घर में मुफ्त में सिखाती." सगळे हसले. मीही हसले, पण रात्री झोप लागली नाही. शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा शंभरपर्यंत अंक लिहीत होता. सहा महिन्यांत मी तिला तिथून काढलं आणि दोन विषयांची वही रोज भरून घेणाऱ्या केजीत घातलं. पुढच्या महिन्यापासून रोज सकाळी तिचं पोट दुखायला लागलं.

तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आज हाच प्रश्न आहे. शिक्षणाचे हे वेगळे प्रयोग आपल्या मुलांना परवडणारे आहेत का? की ते ज्यांच्या घरी आधीच सगळं आहे, त्यांचे लाड आहेत? ही शंका घेणं मागासपणा आहे असं मी मानत नाही. ज्या घरात पहिल्यांदा कुणीतरी कॉलेजपर्यंत जाणार आहे, तिथे एक वर्ष वाया जाण्याची भीती खरी असते.

आधी इतिहास बघू. मारिया मॉन्टेसरी या इटलीच्या डॉक्टर. त्यांनी १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं. आईबाप कामावर जायचे आणि मुलं चाळीत मोकाट फिरायची, अशा घरांतली ती मुलं होती. इतक्या लहान वयात लिहायला-वाचायला शिकवू नये, असं सुरुवातीला मॉन्टेसरीबाईंचंही मत होतं. पण वस्तीतल्या आया त्यांच्याकडे गेल्या. स्वतः निरक्षर असलेल्या त्या बायांनी सांगितलं, आमच्या मुलांना लिहा-वाचायला शिकवा. बाईंनी ते ऐकलं. खरखरीत कागदाची अक्षरं कापली, मुलांनी त्यावरून बोट फिरवलं, आणि चार-पाच वर्षांची मुलं लिहू लागली. म्हणजे आज आपण जी शंका विचारतो, तीच त्या आयांनी विचारली होती. त्यांच्या आग्रहातून या पद्धतीचा एक मोठा भाग तयार झाला.

आपल्याकडेही ही पद्धत बंगल्यांतच राहिली नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत, हे दिसल्यावर त्या आणि अनुताई वाघ बालवाडीच वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. महागडी साधनं नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं वापरली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. आज आपल्या मोहल्ल्यात जी अंगणवाडी आहे, तिच्यामागे हे काम आहे. तेव्हा "हे श्रीमंतांचं फॅड" असं म्हणताना थोडं थांबायला हवं. फी श्रीमंतांची झाली आहे. मूळ कल्पना त्यांची नव्हती.

दुसरी गोष्ट. 'वेगळी शाळा' म्हणजे एकच प्रकार नव्हे. मॉन्टेसरीत अक्षरओळख लवकर, तीन-चार वर्षांपासून सुरू होते, फक्त ती हाताने आणि कानाने होते. वॉल्डॉर्फ शाळा याच्या उलट आहेत. रुडॉल्फ स्टायनर यांनी १९१९ साली जर्मनीत श्टुटगार्टला सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी ही शाळा काढली. तिथे साधारण सात वर्षांपर्यंत वाचन शिकवत नाहीत. गोष्टी, गाणी, चित्रं, हातकाम यांवर भर असतो. दोन्हीकडे पालकांनी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत.

मग मूल मागे पडतं का? अमेरिकेत मिलवॉकी शहरातल्या मुलांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. सरकारी मॉन्टेसरी शाळेत सोडतीने प्रवेश मिळालेली आणि सोडतीत नंबर न लागलेली मुलं त्यात ताडून पाहिली. पाच वर्षांची मॉन्टेसरीतली मुलं वाचनात, गणितात आणि एकमेकांशी वागण्यात पुढे होती. न्यूझीलंडमधल्या अभ्यासात असं दिसलं, की स्टायनर शाळांतली उशिरा वाचायला लागलेली मुलं दहा-अकरा वर्षांपर्यंत बाकीच्यांच्या बरोबरीला येतात.

पण इथे मला तुम्हाला सावधही करायचं आहे. उशिरा वाचून बरोबरी तेच मूल गाठतं, ज्याच्या कानावर तोपर्यंत भरपूर भाषा पडलेली असते. माझ्या पहिलीच्या वर्गात दोन प्रकारची मुलं येतात. एक मूल ए टू झेड घडाघडा म्हणतं, पण "काल घरी काय झालं?" विचारलं तर तीन वाक्यं जोडता येत नाहीत. दुसऱ्याला अक्षर येत नाही, पण ते नानीची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दुसरं मूल बहुधा पुढे गेलेलं असतं. म्हणून शाळेत वाचन उशिरा सुरू होणार असेल, तर गोष्टी आणि गप्पांची जबाबदारी कुणाची, हे विचारा. "घरी पुस्तकं वाचून दाखवा" एवढंच उत्तर मिळालं आणि आपल्या घरी पुस्तकं नसतील, तर ती शाळा आपल्या मुलासाठी अर्धीच आहे.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे आणखी अवघड. घरात दखनी किंवा कोकणी, मकतबमध्ये अरबी कायदा, गल्लीत मराठी आणि शाळेत इंग्रजी. चार वर्षांच्या मुलाला चारही लिप्या एकदम लिहायला लावल्या तर ते कुठल्याच भाषेत मोकळं होत नाही. ऐकायला-बोलायला चारही भाषा चालतील. लिहायला आधी एक पुरे.

धर्माबद्दलही अनेकांनी चिठ्ठ्या पाठवल्या आहेत. स्टायनर यांचं स्वतःचं एक आध्यात्मिक तत्त्वज्ञान होतं आणि ते पुनर्जन्म मानत. मुलांना ते विषय म्हणून शिकवत नाहीत, पण रोजची प्रार्थना, सण, गोष्टी यांवर त्याची छाया असू शकते. उगाच घाबरू नका आणि गप्पही बसू नका. कोणती प्रार्थना, कोणते सण, ईद त्यात आहे का, हे सरळ विचारा. हे प्रश्न कुठल्याही शाळेला विचारता येतात, आपल्या समाजाच्या शाळेलाही.

पहिलीच्या प्रवेशाची भीती म्हणाल, तर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेता येत नाही. कलम १७ नुसार मारहाण आणि मानसिक छळाला बंदी आहे. मात्र २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू नाही असं ठरवलं. आपली पुष्कळ मुलं अशाच शाळांत जातात, तेव्हा तिथे या कायद्याची ढाल नाही. तिथे पालकांनी मिळून बोलावं लागेल. आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा टप्पा खेळातून शिकण्याचा मानला आहे.

शेवटची गोष्ट पाटीची. 'मॉन्टेसरी' हे नाव कुणीही लावू शकतं. म्हणून पाटी वाचू नका, एक तास वर्गात बसू द्या म्हणा. मुलं साधनं स्वतः उचलतात की साधनं काचेच्या कपाटात आहेत? ताईंचं प्रशिक्षण कुठे झालं? मूल चुकलं तर त्या काय करतात? वर्षाअखेरीस मुलाला काय यायला हवं, हे त्या साध्या शब्दांत सांगू शकतात का? बसू देत नसतील, तर उत्तर मिळालंच.

माझ्या मुलीचं पुढे काय झालं? केजीतून काढून तिला महापालिकेच्या बालवाडीत घातलं. फी नाही, साधनं जुनी, पण तिथल्या बाई रोज गोष्ट सांगायच्या आणि मुलांकडून सांगून घ्यायच्या. पोटदुखी थांबली. पहिलीत गेल्यावर ती चार महिन्यांत वाचू लागली. आणि डाळ निवडायचं काम? ते सासूबाईंनी घेतलं. मूग, मसूर, चणे वेगळे करता करता दोघी मोजायच्या आणि नावं घ्यायच्या. मी फी भरून जे समजू शकले नव्हते, ते त्या दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून करत होत्या.

चूक माझी एवढीच होती, की मी शाळेला एक प्रश्न न विचारता मुलीला घातलं आणि एक प्रश्न न विचारता काढलं. तुम्ही विचारा. आता मला विचारा, आपल्याकडे अर्धा तास आहे.