जमिनीचा तंटा व वडिलांचा निवाडा
(माणगांव येथील ज्युबिली-समारंभांत केलेलें भाषण)



मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें पन्नासावें वर्ष ज्युबिलीचें. त्या वर्षीं विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जात असे. तेव्हां ज्युबिलीच्या दिवशीं जमिनीच्या तंट्यांविषयीं बोलणें अप्रस्तुत होणार नाहीं.

आपल्या मराठी मुलुखांत अशा तंट्यांची तड गोतसभेंत लागे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, बलुतेदार व शेजारी एकत्र बसत. निवाडा मान्य करूं, असा राजीनामा वादी-प्रतिवादी आधींच लिहून देत. साक्षी-पुरावा झाल्यावर महजर होई. त्यावर पाटील आपल्या नांगराची निशाणी करी. हरलेला पक्ष यजितखत लिहून देई. शिवेच्या वादांत महाराच्या साक्षीला विशेष मान असे. ज्याला गांवानें गांवकुसाबाहेर ठेविलें, त्याच्याच शब्दावर गांवाची शीव ठरे, हें आपण विसरूं नये.

एकत्र बसणें संपलें म्हणजे काय होतें, तें मुंबईंत माहीमनें पाहिलें. सेंट मायकल चर्च पोर्तुगालच्या पाद्रोआदोचें कीं रोमच्या प्रोपागांदाचें, या वादांत १८५३ सालीं बिशप हार्टमान देवळांत स्वतःस कोंडून पंधरा दिवस राहिले. अखेर सरकारी अधिकाऱ्यांनीं दार उघडविलें व ताबा पाद्रोआदोकडे गेला. दोन्ही पक्ष कॅथलिकच! दार उघडलें, पण मनें उघडलीं नाहींत. मुंबईंतील दुहेरी अधिकार १९२८ च्या करारापर्यंत मिटला नाहीं.

चर्चच्या जमिनीचा प्रश्न निघाला कीं धर्मगुरूनेंच निवाडा द्यावा, असें पुष्कळांस वाटतें. तें योग्य नव्हे. त्या वेळीं तो पक्षकार असतो. त्यानें पंचांपुढें इतरांसारखेंच उभें राहावें. आपला पिता अब्राहाम यानेंही सारेच्या कबरेसाठीं मकपेलाची गुहा फुकट घेतली नाहीं. वेशींत सर्वांसमक्ष ४०० शेकेल रुपें तोलून दिलें.

मात्र तोंडी निवाडा वडिलांबरोबरच जातो. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें शंभर रुपये वा अधिक किंमतीच्या स्थावरांतील हक्क देणारा अगर सोडणारा लेख नोंदवावा लागतो. महामार्ग व कोकण रेल्वे आलेल्या या माणगांवांत न लिहिलेला बांध फार दिवस टिकणार नाहीं. बांध ओळखणारे वृद्ध थकले आहेत. तरुण मुंबईस आहेत.

म्हणून या वर्षीं एक काम करूं या. वडीलधारे, लगतचे शेतकरी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, आणि ज्यांस जुन्या सभेंत सहसा स्थान नसे त्या स्त्रिया, या सर्वांनीं मिळून चर्चच्या जमिनीची हद्द चालून पाहावी. मतभेद निघेल तेथें मोजणी करवावी, पंचांनीं दोन्ही बाजू ऐकाव्या, वरिष्ठांची व कायद्यास लागेल ती परवानगी घ्यावी, आणि ठरेल तें नोंदवावें. चार हात जमीन सोडल्यानें देऊळ गरीब होत नाहीं. शेजारी तुटला तर मात्र होतें.

परमेश्वर आपणां सर्वांस सुबुद्धि व शांति देवो. आमेन.