अवघड जागेचे दुखणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मी दोन शब्द बोलावे असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृतींवर आणि भरतकामावर बोलणाऱ्या आपल्यात पुष्कळजणी आहेत. मी मात्र मूळव्याधीवर बोलणार आहे. पाठीमागे कोणी पदराआड हसले. हसा, पण ऐकून घ्या. ‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर’ अशी आपल्यात म्हण आहे. जावई दूरच राहिला, परक्या डॉक्टरकडे जायलाही आपण संकोचतो, आणि रक्त मात्र जातच राहते.

मूळव्याध म्हणजे काय, ते मला डॉक्टरांनी सोप्या शब्दांत सांगितले. शौचाच्या जागी आतल्या अंगाला रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सगळ्यांनाच असतात. कुंथून कुंथून त्या फुगतात, खाली सरकतात, आणि त्यांचे मोड होतात. गरोदरपणी पोटातल्या भारानेही हे होते, म्हणून कितीतरी बायकांना या दुखण्याची ओळख बाळंतपणातच होते. आपल्या भोर-वेल्ह्याकडे आणखी एक कारण आहे. भातलावणीच्या दिवसांत बाई सकाळपासून चिखलात वाकलेली असते. जवळ आडोसा नाही, म्हणून ती पाणीच पीत नाही. एस.टी.च्या लांबच्या प्रवासातही तसेच. पाणी तोडायचे आणि लागलेली शौच दाबून धरायची, मग मलावरोध ठरलेलाच!

या दुखण्याच्या चार पायऱ्या आहेत. पहिलीत नुसते रक्त जाते. दुसरीत मोड बाहेर येतो व आपोआप आत जातो. तिसरीत तो हाताने सारावा लागतो. चौथीत तो बाहेरच राहतो. मला रक्त दिसले तेव्हा मी थोरल्या जाऊबाईंना सांगितले आणि त्या मला घेऊन दवाखान्यात आल्या. दुसरी पायरी निघाली. तपासताना जाऊबाई आणि नर्सबाई दोघी जवळ उभ्या होत्या. आपण सांगितले की तशी सोय होते, एवढे लक्षात ठेवा.

माझ्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली नाही. मोडाच्या बुडाशी लहानसे रबरी कडे बसवले, काम काही मिनिटांत झाले. कड्यामुळे मोडाचा रक्तपुरवठा तुटतो, तो सुकतो आणि आठ-दहा दिवसांत कड्यासह गळून पडतो. ही रीत डॉक्टर बॅरन यांनी 1963 साली लिहून प्रसिद्ध केली आणि पुढे ती जगभर पसरली. आपल्या सुश्रुतानेही मूळव्याधीवर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगून ठेवले आहेत. म्हणजे शास्त्राने या दुखण्याची लाज कधी धरली नाही. ती आपणच धरतो.

डॉक्टरांचे काम काही मिनिटांचे, पण पुढचे पंधरा दिवस आपले आणि आपल्या घराचे. ते कसे काढावे हेच मला आज सांगायचे आहे.

येताना मी गोधडीची घडी घालून तिच्यावर बसून आले. पहिले दोन दिवस जड वाटते, सारखे शौचाला जावे असे वाटते. ती कड्याची भावना असते. तेव्हा बसून कुंथू नये. दिवसातून दोन-तीनदा आणि शौचानंतर पसरट टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसावे. पाणी नुसतेच असावे, त्यात काही घालायची गरज नाही. मग मऊ कापडाने टिपून घ्यावे, घासू नये. शौचाला पाच मिनिटांपेक्षा जास्त बसू नये आणि मोबाईल बाहेरच ठेवावा. आठव्या दिवशी मला थोडे रक्त दिसले. कडे गळताना असे होते हे आधी सांगितलेले होते, म्हणून मी घाबरले नाही.

आता खाण्याचे. माझे कडे बसवले ते श्रावणात, लावणी आटोपल्यावर. श्रावण म्हणजे उपास, आणि उपास म्हणजे साबुदाणा, वरई, बटाटा! त्यात चोथा थोडा, आणि उपासाला आपण पाणीही कमीच पितो. पहिल्या सोमवारी मी घुटमळले, तर सासूबाई म्हणाल्या, “महादेवाला तुझे पोट बांधून काय मिळणार? तू भाकरी खा, तुझा सोमवार मी धरते.” त्यांचे हे बोलणे मला औषधापेक्षा लागू पडले. ज्यांना उपास मोडवत नाही त्यांनी रताळे, केळे, पपई, राजगिरा खावा आणि पाणी भरपूर प्यावे. एरवी नाचणीची भाकरी, मूग-मटकीची उसळ, पालेभाजी, पेरू हे सगळे आपल्या दारचेच आहे. रात्री इसबगोल घ्यायचे तर पेलाभर पाण्यातून घ्या आणि वर आणखी पाणी प्या. कमी पाण्यात घेतले तर ते उलट घट्ट बसते.

रक्त गेल्याने माझ्या अंगात रक्त कमी भरले, म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यांनी काहींना शौच काळी होते व घट्टही होते. गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावी. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर चालते.

घराचे काय? पहिले आठ दिवस मी हंडा उचलला नाही. पाणी घरधन्यांनी भरले, भांडी मुलाने घासली. तवा काळाच राहिला, पण घर काही बुडाले नाही.

काही खुणा मात्र सांगून ठेवते. रक्त थांबेना किंवा गाठी पडू लागल्या, ताप आला, लघवी अडली, दुखणे कमी न होता वाढत चालले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. आणि चाळिशी उलटलेल्या बाईने रक्त पाहून ‘मूळव्याधच असेल’ असे घरी ठरवू नये. आतड्याच्या कर्करोगातही रक्त जाते. ते तपासल्याशिवाय कळत नाही. भिंतीवर आणि खांबावर ‘एका इंजेक्शनात मूळव्याध गायब’ अशा पाट्या असतात, त्यांच्या नादी लागू नये. भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय आहे. पहिली तपासणी तिथे करून घ्यावी.

शेवटी मंडळापुढे माझी एक सूचना आहे. बाळंतिणीला आपण डबा पोचवतो, पण अशा दुखण्याची बाई तिसऱ्या दिवशी चुलीपुढे वाकलेली असते, कारण काय झाले ते ती कोणाला सांगतच नाही. तिने निदान एका सखीला सांगावे, आणि त्या सखीने चारचौघीत न बोलता आठ दिवस तिचे पाणी आणि भाकरी यांची पाळी लावून द्यावी. मंडळाने एवढे अंगावर घेतले तर पुष्कळ बहिणींचे दुखणे वेळेवर बाहेर येईल.